उत्पन्न, विषमता आणि सार्वजनिक आरोग्य: नातं आकड्यांत कसं पकडायचं

विकसनशील देशात गरिबांची मुलं जास्त मरतात, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. सर्वेक्षण लागतं ते पुढच्या प्रश्नांसाठी. किती जास्त मरतात, कोणत्या थरापर्यंत, कशामुळे, आणि कुठे हात घातला तर किती मृत्यू टळतील? आरोग्याचं नियोजन करणारे, संस्थांमधले कार्यकर्ते, पत्रकार आणि विद्यार्थी अशा सगळ्यांना ही उत्तरं काढता यायला हवीत. एक्सेलचा तक्ता हाताळता येत असेल तर खालचं बहुतेक काम जमतं.

आधी प्रश्न सुटे करा

"उत्पन्नाचा आरोग्यावर परिणाम" या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. देश श्रीमंत झाला की सरासरी आरोग्य सुधारतं का? एकाच देशात गरीब आणि श्रीमंत यांच्या आरोग्यात किती अंतर आहे? आणि विषमता ही गरिबीपेक्षा वेगळी अशी, स्वतःच्या बळावर आरोग्य बिघडवते का? प्रत्येकाला वेगळा डेटा लागतो. पहिल्याच्या डेटावरून तिसऱ्याचं उत्तर देणं ही या विषयातली सर्वांत जुनी चूक आहे.

पहिल्या प्रश्नासाठी लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये मांडलेला आलेख समजून घ्या. आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न, उभ्यावर सरासरी आयुर्मान. गरीब देशांच्या टोकाला रेघ सरळ वर चढते आणि श्रीमंत देशांकडे जाताना आडवी होत जाते. म्हणजे उत्पन्नातली तीच वाढ गरिबाला पुष्कळ वर्षं देते, श्रीमंताला जवळजवळ काहीच देत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत ही अख्खी रेघच वर सरकली, म्हणजे तेवढ्याच उत्पन्नात लोक जास्त जगू लागले. जगाच्या आयुर्मानात त्या काळात झालेल्या वाढीपैकी ७५ ते ९० टक्के वाटा देशाच्या त्या-त्या वेळच्या उत्पन्नाबाहेरच्या कारणांचा असावा, असा प्रेस्टन यांचा अंदाज होता. लसी, हिवतापाचं नियंत्रण, स्वच्छतेचं ज्ञान ही ती कारणं. म्हणून "आधी पैसा येऊ द्या, आरोग्य मागोमाग येईल" असं कुणी म्हटलं तर त्याला हा आलेख दाखवा.

तिसरा प्रश्न सर्वांत फसवा आहे, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा उत्पन्न दुप्पट झालं की आयुष्य ४ वर्षांनी वाढतं. १,००० उत्पन्नाचा माणूस ५५ वर्षं जगतो, तर १६,००० वाला ७१ वर्षं जगेल (चार वेळा दुप्पट, १६ वर्षं). दोघांचं सरासरी उत्पन्न ८,५००, सरासरी आयुष्य ६३. आता दोघांनाही ८,५०० दिले तर दोघंही सुमारे ६७ वर्षं जगतील. सरासरी उत्पन्न तेच राहिलं, पण विषमतेने चार वर्षं खाल्ली. तीही ईर्ष्या, ताणतणाव किंवा समाजातली फूट असं काहीही न धरता, फक्त रेघ वाकडी आहे म्हणून. जी. बी. रॉजर्स यांनी १९७९ मध्ये ५६ देशांची तुलना करून विषमता आणि मृत्युदर यांचा संबंध दाखवला, तेव्हा या युक्तिवादाला धरूनच. त्यामुळे देशादेशांच्या तुलनेत विषमता जास्त तिथे आयुर्मान कमी दिसलं, तर "विषमता मनाला पोखरते" असा निष्कर्ष लगेच काढू नका. आधी वैयक्तिक उत्पन्नाचा परिणाम वेगळा काढावा लागतो, आणि त्यासाठी माणूसनिहाय किंवा घरनिहाय डेटाच हवा.

देशादेशांचे गिनी निर्देशांक (विषमतेचं माप: शून्य म्हणजे सगळे समान, आकडा जितका मोठा तितकी विषमता जास्त) शेजारी ठेवतानाही जपा. काही देशांचा गिनी उत्पन्नावरून काढलेला असतो, काहींचा खर्चावरून. खर्चाचा गिनी साधारणपणे कमी येतो, कारण चांगल्या वर्षी लोक बचत करतात आणि वाईट वर्षी उसनवारी. दोन्ही एकाच स्तंभात घातले की खर्च मोजणारे देश उगाच समतावादी दिसतात.

घरांची आर्थिक क्रमवारी लावा

पगारदार कमी आणि शेती, मजुरी, छोटे धंदे जास्त, अशा समाजात "महिन्याचं उत्पन्न किती?" या प्रश्नाला खरं उत्तर नसतं. ते हंगामानुसार बदलतं, काही भाग धान्यात मिळतो आणि धंद्याचा खर्च घरखर्चात मिसळलेला असतो. म्हणून दोन पर्याय वापरतात. एक, दरडोई खर्च. तो चांगला, पण त्याची प्रश्नावली लांबलचक असते. दुसरा, घरातल्या वस्तू आणि सोयींवरून काढलेला संपत्ती निर्देशांक. डीऑन फिल्मर आणि लँट प्रिचेट यांनी २००१ मध्ये भारताच्या राज्यांचा डेटा वापरून ही पद्धत मांडली. अनेक विकसनशील देशांत झालेल्या डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे) सर्वेक्षणांत, म्हणजे भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातसुद्धा, हा निर्देशांक तयार मिळतो.

स्वतः काढायचा असेल तर जमीन मातीची की फरशीची, भिंती आणि छप्पर, वीज, स्वयंपाकाचं इंधन, पाण्याचा स्रोत, संडास, सायकल, मोबाईल, फ्रिज, जनावरं अशी १५ ते २५ हो-नाही उत्तरं घ्या. ९५ टक्क्यांहून जास्त किंवा ५ टक्क्यांहून कमी घरांत असलेल्या वस्तू फारसं काही सांगत नाहीत. प्रिन्सिपल कंपोनंट ॲनालिसिस (सगळ्या उत्तरांचा मिळून एक गुण काढणारी सांख्यिकी पद्धत) चालवा आणि पहिल्या घटकाचा गुण प्रत्येक घराला द्या. मग घरातल्या प्रत्येक माणसाला तोच गुण देऊन माणसांचे पाच समान गट पाडा. घरांचे समान गट पाडले तर मोठी कुटुंबं असलेल्या गटात माणसं जास्त जातात आणि पुढची सगळी टक्केवारी हलते.

इथे तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, शहरी कल. वीज आणि नळ गरीब शहरी वस्तीतही असतात, तर गावातल्या सधन शेतकऱ्याची संपत्ती जमिनीत आणि गोठ्यात असते. सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली की शहरातला गरीब वरच्या गटात जातो आणि गावातला सधन खाली येतो. शहर आणि गाव यांचे गुण आधी वेगवेगळे काढून मग एका सामाईक पट्टीवर आणा.

दुसरी, गोल फिरणारा तर्क. संडास आणि पाणी निर्देशांकात घातले आणि जुलाबाचं प्रमाण त्याच निर्देशांकाशी जोडलं, तर तुम्ही संपत्तीचा परिणाम मोजताय की संडासाचा? निर्देशांक या दोन गोष्टींसह एकदा आणि त्यांच्याविना एकदा काढा. उत्तर फार बदललं तर तसं स्पष्ट लिहा.

तिसरी, गठ्ठे. अतिगरीब घरांत यादीतली एकही वस्तू नसते, म्हणून शेकडो घरांचा गुण एकच येतो आणि सर्वांत खालचे दोन गट कृत्रिमपणे वेगळे होतात. त्या थराला वेगळं करणारे प्रश्न, म्हणजे चपला, पांघरूण, भांडी, झोपायच्या खोल्या असे, यादीत असायलाच हवेत.

आरोग्याचा कोणता आकडा घ्यायचा

"गेल्या महिन्यात आजारी होता का?" या प्रश्नावर भिस्त ठेवू नका. आजार ओळखायला शिक्षण लागतं, डॉक्टरची सवय लागते आणि एक दिवस आडवं पडण्याची ऐपत लागते. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये हाच मुद्दा केरळ आणि बिहारच्या तुलनेतून मांडला होता. आयुर्मान सर्वांत चांगलं असलेल्या केरळात लोक स्वतःहून सांगतात ते आजारही सर्वांत जास्त, आणि बिहारमध्ये दोन्ही कमी. असा डेटा सरळ वापरला तर गरीब निरोगी आणि श्रीमंत आजारी असं चित्र निघतं, आणि त्यावरून धोरण ठरलं तर पैसा चुकीच्या दिशेने जातो.

त्यापेक्षा मृत्यू, उंची, वजन, रक्तातलं हिमोग्लोबिन, रक्तदाब अशा मोजता येणाऱ्या गोष्टी घ्या. मुलांची वयानुसार उंची हा विषमता दाखवणारा उत्तम आकडा आहे, कारण तिच्यात गर्भापासूनचं पोषण आणि वारंवार झालेले आजार साठत जातात. पण मोजणी नीट हवी. दोन वर्षांखालच्या मुलाला फळ्यावर आडवं झोपवून मोजायचं, त्याहून मोठ्याला उभं करून. मोजायला दोन माणसं लागतात. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पायांची फळी टाचांना भिडवायची. दोन वर्षांखालचं मूल रडतंय म्हणून उभं करूनच मोजलं, तर त्यात ०.७ सेंमी मिळवा.

वय चुकलं तर उंची बिनचूक मोजूनही उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार १२ महिन्यांच्या मुलग्याची मधली लांबी ७५.७ सेंमी असते आणि खुरटेपणाची (वयाच्या मानाने उंची कमी असण्याची) रेषा, म्हणजे उणे २ झेड-स्कोअर (मधल्या आकड्यापासून किती प्रमाण विचलनं दूर ते सांगणारा आकडा), ७१.० सेंमीवर येते. या वयात मूल महिन्याला सेंटिमीटरभर वाढतं, त्यामुळे एका महिन्याच्या चुकीने झेड-स्कोअर जवळजवळ अर्ध्याने सरकतो. गरीब घरांत जन्मदाखला नसतो आणि वय "वर्षाचं झालं" असं गोळाबेरीज सांगितलं जातं, म्हणून ही चूक सगळ्यांत सारखी पसरत नाही, खालच्या थरात साचते. सण, पेरणी, पूर अशा घटनांचं स्थानिक कॅलेंडर बनवून आईकडून जन्ममहिना काढून घ्या. उणे ६ च्या खाली किंवा अधिक ६ च्या वर गेलेले झेड-स्कोअर वगळा आणि किती वगळले ते गटवार सांगा.

बालमृत्यूसाठी नमुना लहान पडतो. डीएचएसच्या अहवालांत संपत्तीनुसार मृत्युदर देताना सर्वेक्षणाआधीची पाच नव्हे, दहा वर्षं धरतात ती त्यामुळेच. डीएचएसच्या फाईलमधलं वेट (नमुन्यातल्या प्रत्येक नोंदीला द्यायचं वजन) वापरण्याआधी १० लाखांनी भागायचं असतं. हे विसरलं तरी टक्केवारी बरोबर येते, म्हणून चूक लपून राहते आणि एकूण संख्या मांडताना उघडी पडते.

अंतर मोजा: एक पूर्ण गणित

पुढचे आकडे गणितासाठी कल्पिलेले आहेत. सर्वांत गरीब गटापासून सर्वांत श्रीमंत गटापर्यंत, दर हजार जन्मांमागे पाच वर्षांखालचे मृत्यू असे: ९०, ७५, ६०, ४५, ३०. एकूण जन्मांतला प्रत्येक गटाचा वाटा: २५, २२, २०, १८, १५ टक्के. गट माणसांचे समान पाडले असले तरी जन्म समान नसतात, गरीब घरांत ते जास्त असतात.

आधी सरासरी काढा. पाच दरांची साधी सरासरी ६०, पण जन्मांचा वाटा धरून ती ६३.६ येते. साधी सरासरी घेणारा माणूस नकळत गरिबांची मुलं कमी मोजतो.

मग साचत जाणारे वाटे काढा. जन्मांचे: ०.२५, ०.४७, ०.६७, ०.८५, १. मृत्यूंचे: ०.३५४, ०.६१३, ०.८०२, ०.९२९, १. म्हणजे २५ टक्के जन्म असलेल्या गटात ३५ टक्के मृत्यू आहेत. आडव्या अक्षावर जन्म आणि उभ्यावर मृत्यू घेऊन बिंदू जोडले की कॉन्सन्ट्रेशन कर्व्ह तयार होतो. मृत्यू गरिबांकडे झुकलेले असतील तर तो कर्णरेषेच्या वर फुगतो.

कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स असा काढा: प्रत्येक गटाचा जन्म-वाटा गुणिले पुढच्या गटाचा मृत्यू-वाटा, त्यातून पुढच्या गटाचा जन्म-वाटा गुणिले या गटाचा मृत्यू-वाटा वजा. सगळे वाटे साचलेले घ्यायचे. पहिली पायरी: ०.२५ × ०.६१३ वजा ०.४७ × ०.३५४, उत्तर सुमारे उणे ०.०१३. पुढच्या तीन पायऱ्या उणे ०.०३४, उणे ०.०५९, उणे ०.०७९. बेरीज उणे ०.१८५. उणे चिन्हाचा अर्थ मृत्यू गरिबांकडे साचलेत. आकडा शून्य असेल तर वाटणी समान.

हा निर्देशांक सापेक्ष आहे. प्रत्यक्ष अंतरासाठी स्लोप इंडेक्स काढा. प्रत्येक गटाचा क्रमवारीतला मध्य (०.१२५, ०.३६, ०.५७, ०.७६, ०.९२५) घेऊन दरांवर जन्म-वाट्याचं वेट लावलेलं रिग्रेशन करा, म्हणजे बिंदूंना सर्वांत जुळणारी सरळ रेघ काढा. उतार सुमारे उणे ७४ येतो, म्हणजे क्रमवारीच्या तळापासून टोकापर्यंत हजारी ७४ मृत्यूंचा फरक. नुसत्या दोन टोकांच्या गटांची वजाबाकी ६० दाखवते आणि मधल्या तीन गटांकडे पाहतच नाही.

आता या सगळ्यातलं सर्वांत कामाचं गणित. सगळ्यांचा दर श्रीमंत गटासारखा ३० झाला तर किती मृत्यू टळतील? ६३.६ मधून ३०, म्हणजे ३३.६, एकूण मृत्यूंच्या निम्म्याहून जास्त. या ३३.६ पैकी सर्वांत गरीब गटाचे १५, दुसऱ्याचे ९.९, तिसऱ्याचे ६, चौथ्याचे २.७. म्हणजे फक्त तळच्या गटासाठी योजना आखली आणि ती शंभर टक्के यशस्वी झाली, तरी टाळता येण्याजोगे ५५ टक्के मृत्यू तसेच राहतील. आरोग्यातली विषमता ही पायऱ्यांची उतरंड असते. दारिद्र्यरेषेपाशी ती संपत नाही. गरिबीचं कार्ड असलेल्यांपुरत्याच योजना आखणाऱ्या प्रत्येकाने हे गणित आपल्या आकड्यांवर एकदा करून पाहावं. तळच्या माणसाला आधी आणि जास्त द्यायलाच हवं, पण रेषेच्या वर दोन बोटं असलेल्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडून नव्हे.

लसीकरणासारख्या हो-नाही गोष्टींसाठी एक खबरदारी घ्या. सरासरी व्याप्ती ९० टक्के असेल तर कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स उणे ०.१ ते अधिक ०.१ यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. ४० टक्के असेल तर मर्यादा ०.६ असते. दोन देशांची किंवा दोन काळांची तुलना करताना वॅगस्टाफ किंवा एरायगर्स यांची दुरुस्ती (ही मर्यादा हिशेबात घेणारं सूत्र) लावा, नाहीतर व्याप्ती वाढली म्हणून आकसलेला आकडा समतेची प्रगती वाटतो.

काळानुसार बदल सांगताना सापेक्ष आणि प्रत्यक्ष दोन्ही आकडे द्या. गरिबांचा दर ९० वरून ६० आणि श्रीमंतांचा ३० वरून १५ झाला, तर अंतर ६० वरून ४५ वर आलं आणि गुणोत्तर तिपटीवरून चौपट झालं. दोन्ही खरं आहे, आणि एकच सांगणं म्हणजे अर्धवट सांगणं. सीझर व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ब्राझीलच्या डेटावरून दाखवलं की नवी सेवा आधी सुस्थितीतल्यांपर्यंत पोचते, त्यामुळे विषमता आधी वाढते, आणि श्रीमंत गट कमाल मर्यादेला टेकला की मग कमी होते. सुरुवातीला वाढलेली दरी पाहून कार्यक्रम बंद करू नये. पण ती दरी आपोआप मिटेल असं धरून बसूही नये.

उपचाराच्या खर्चाचा घाव

आजारपणाचा खर्च घराच्या एकूण खर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांच्या वर गेला की त्याला आपत्तीजनक खर्च म्हणतात. दुसरी पद्धत अन्नाचा गरजेपुरता खर्च वगळून उरलेल्या रकमेच्या ४० टक्के ही सीमा धरते. गरिबांसाठी दुसरी जास्त न्याय्य, कारण त्यांच्या खर्चात अन्नाचाच वाटा मोठा असतो.

कर्ज काढलेल्या घरात पहिली पद्धत खर्च लपवते. महिन्याचा एकूण खर्च १२,०००, त्यातले ३,००० उपचारांचे आणि तेही सगळे कर्जाचे. वाटा २५ टक्के दिसतो. पण घराची नेहमीची ऐपत ९,००० ची आहे, त्या हिशेबाने तो ३३ टक्के होतो. पैसा कुठून आणला हा प्रश्न म्हणूनच विचारा: बचत, कर्ज, जनावर किंवा दागिना विकला, मुलाची शाळा थांबवली.

आठवणीचा कालावधी बाह्यरुग्ण खर्चासाठी १५ किंवा ३० दिवस आणि रुग्णालयात दाखल होण्यासाठी वर्षभर ठेवा. पंधरवड्याचा खर्च २४ ने गुणून वर्षाचा केला, तर योगायोगाने त्याच पंधरवड्यात आजारी पडलेली घरं वर्षभर उद्ध्वस्त दिसतात आणि बाकीची शून्यावर राहतात.

आणि सर्वांत मोठा सापळा म्हणजे हेच शून्य. जो दवाखान्यात गेलाच नाही त्याचा खर्च शून्य येतो आणि तक्त्यात तो सुरक्षित ठरतो. सर्वांत गरीब गटात आपत्तीजनक खर्च कमी दिसला तर आनंद मानू नका. "गरज असून उपचार घेतले नाहीत असं झालं का, आणि का?" हा प्रश्न विचारा: पैसे नव्हते, वाहन नव्हतं, मजुरी बुडाली असती, कुणी विचारलंही नसतं. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा.

कार्यकारण सांगताना

गरिबीमुळे आजार येतो, तसा आजारामुळेही माणूस गरीब होतो. क्षयरोगाने कमावता माणूस सहा महिने घरी बसला तर पुढच्या सर्वेक्षणात ते कुटुंब गरीब गटात सापडतं, आणि त्याची गरिबीच आजाराचं कारण वाटते. मुलांच्या आरोग्यावर काम केलं की ही अडचण कमी होते, कारण मूल कमावत नसतं. प्रौढांसाठी उत्पन्नाऐवजी शिक्षणानुसार क्रमवारी लावून उत्तर पडताळा. शिक्षण बहुधा आजाराच्या आधी संपलेलं असतं. सर्वांत भक्कम पुरावा पैसा प्रत्यक्ष देऊन मिळतो. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या प्रोग्रेसा कार्यक्रमात ५०६ गावं घेऊन त्यांतल्या ३२० गावांना आधी आणि १८६ गावांना नंतर, चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून, रोख मदत दिली गेली. त्यामुळे फरक कशामुळे पडला हे सांगता आलं.

कॉन्सन्ट्रेशन इंडेक्सचे घटक पाडून "४० टक्के विषमता आईच्या शिक्षणामुळे" अशी वाक्यं लिहिली जातात. ती पद्धत फक्त सांख्यिकीय वाटा सांगते. उद्या सगळ्या आया शिकल्या तर ४० टक्के दरी मिटेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

शेजाराचाही हिशेब ठेवा. घरात संडास असला तरी वस्तीत बाकीचे उघड्यावर जात असतील तर जंतू आपल्या अंगणात येतातच. म्हणून घराच्या सोयीसोबत त्या सर्वेक्षण-वस्तीतल्या किती टक्के घरांत ती सोय आहे, हा वेगळा स्तंभ बनवा. एखाद्या घराची संपत्ती वाढूनही मुलांची उंची का वाढत नाही, याचं उत्तर पुष्कळदा याच स्तंभात सापडतं.

शेवटची यादी सर्वेक्षणात नसलेल्यांची. घरांच्या यादीवरून नमुना काढला की पदपथावर राहणारे, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर तात्पुरते आलेले, भटकी कुटुंबं आणि वसतिगृहांत किंवा तुरुंगात असलेले लोक आपोआप सुटतात. वरच्या टोकाला, बंद फाटकांमागची श्रीमंत घरंही मुलाखत देत नाहीत. दोन्ही टोकं कापली गेली की मोजलेली विषमता खऱ्यापेक्षा कमी येते. किती घरांनी नकार दिला, कोणत्या वस्त्या वगळल्या आणि नकाशावर त्या कुठे आहेत, हे मुख्य तक्त्याच्या लगेच खाली लिहा, परिशिष्टात नको.